फ्रीजमधला खैऱ्या आणि परदेशवारीचे कागद

आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये, मधल्या कप्प्यात, झाकणबंद नळ्यांमध्ये खैऱ्याचा जिवाणू जिवंत ठेवलेला असतो. खैऱ्या म्हणजे काय, हे अकोला जिल्ह्यातल्या लिंबू उत्पादकाला सांगावं लागत नाही. पानावर, फांदीवर, फळावर खरखरीत तपकिरी डाग आणि भोवती पिवळं वलय. पावसाळ्यात नागअळीने पोखरलेल्या पानांतून तो झपाट्याने शिरतो. वाडेगावच्या बाजारात लिंबाच्या कट्ट्यांची बोली लागते तेव्हा घेणाऱ्याची नजर आधी या डागांवर जाते. आम्ही त्याच्यावर बोर्डो मिश्रणाचे आणि कॉपर ऑक्सिक्लोराईडचे प्रयोग करतो, रोपांना मुद्दाम लागण करून कोणती जात किती तग धरते ते पाहतो.

हाच जिवाणू, झान्थोमोनास सिट्री, भारताच्या 'स्कोमेट' या निर्यात नियंत्रण यादीत आहे. क्षेपणास्त्रांचे भाग, अणुभट्टीचं साहित्य, विषारी वायूंची रसायनं ज्या यादीत आहेत, त्याच यादीत. मला प्रशिक्षणासाठी स्पेनला जायचं ठरलं तेव्हा ही यादी मी ओळीओळीने वाचली. त्यानंतर जे जे करावं लागलं ते इथे लिहिते आहे, कारण तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात किंवा संशोधन केंद्रावर काम करणाऱ्याला हे सांगणारं माणूस सहसा जवळ नसतं. आणि आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं की हे नियम रॉकेटवाल्यांसाठी आणि अणुवाल्यांसाठी आहेत. ते आपल्या फ्रीजसाठीही आहेत.

प्रशिक्षण व्हॅलेन्सियाजवळच्या एका संस्थेत होतं. लिंबूवर्गीय झाडांचे रोग प्रतिमांवरून लवकर कसे ओळखायचे, हा विषय. निमंत्रणासोबतच्या पत्रात एक ओळ होती की, तुमच्याकडचे जिवाणूंचे नमुने आणि कॅमेरा आणता आला तर तुलना करता येईल. ना हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज उचित मार्गाने केला: विभागप्रमुख, सहयोगी अधिष्ठाता, मग मुख्यालय. त्या अर्जाच्या नमुन्यात रजा, खर्चाचा भार, प्रवासाचा मार्ग, परतीची तारीख असे सगळे रकाने होते. सोबत काय नेणार, हा रकाना नव्हता. मी वेगळा कागद जोडला आणि त्यावर नमुने, थर्मल कॅमेरा, लॅपटॉप आणि सादरीकरण असं लिहून, यातल्या कशाला स्कोमेटची परवानगी लागते का, असं विचारलं.

मुख्यालयातल्या वरिष्ठ लिपिक भाऊंनी तो कागद वाचून मला फोन केला. "मॅडम, हे स्कोमेट काय असते? आमच्याकडं तं आजवर कोनी इचारलं नाई." मी सांगितलं तसं त्यांनी यादीचं पहिलं पान छापून फायलीला लावलं आणि टिप्पणीत मुद्दा घेतला. त्यांनी तो कागद बाजूला काढून ठेवला असता तर फाईल लवकर हलली असती. त्यांनी तसं केलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तर स्कोमेट म्हणजे विशेष रसायनं, जीव, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान यांची यादी. परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, ती प्रसिद्ध करतं. मागे १९९२ चा परकीय व्यापार कायदा आहे आणि २०१० च्या दुरुस्तीने त्यात या वस्तूंसाठी, सेवांसाठी आणि तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. त्याच्या जोडीला सामूहिक संहाराच्या शस्त्रांबाबतचा २००५ चा कायदा. तो आला त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २००४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव केला होता: अशी शस्त्रं आणि त्यांना लागणारं साहित्य चुकीच्या हाती जाऊ नये म्हणून प्रत्येक देशाने स्वतःचे कायदे करावेत. पुढे जानेवारी २०१८ मध्ये भारत ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये सामील झाला. रासायनिक आणि जैविक शस्त्रांच्या साहित्यावर नजर ठेवणारा हा देशांचा गट १९८५ पासून आहे.

पिकाच्या रोगाचा शस्त्राशी काय संबंध, हा प्रश्न मलाही पडला आणि त्याचं उत्तर शोधताना मी बराच वेळ घालवला. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने शत्रूची पिकं नासवण्यासाठी गव्हावरचा तांबेरा आणि भातावरचा करपा साठवून ठेवला होता. तो कार्यक्रम १९६९ मध्ये बंद झाला. म्हणून यादीच्या दुसऱ्या वर्गात माणसांच्या आणि जनावरांच्या रोगजंतूंनंतर पिकांचे रोग येतात: करपा, तांबेरा, कर्नाल बंट, खैऱ्या. गोंदियाकडे भातावर काम करणाऱ्या मैत्रिणीला मी त्याच संध्याकाळी फोन केला. तिच्याही फ्रीजमध्ये यादीतलं नाव होतं. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, मी मागच्या वर्षी परदेशी जाणार होते, ते रद्द झालं म्हणून बरं."

खैऱ्याने काय होऊ शकतं याचं उदाहरण फ्लोरिडाचं आहे. तिथे हा रोग हटवण्यासाठी रोगट झाडापासून १,९०० फुटांच्या आतली सगळी लिंबूवर्गीय झाडं तोडायचा नियम केला होता. लोकांच्या परसातली निरोगी दिसणारी झाडंसुद्धा त्यात गेली. २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी जिवाणू इतका पसरवला की जानेवारी २००६ मध्ये ती मोहीमच सोडून द्यावी लागली. आपल्याकडे आपण खैऱ्यासोबत राहायला शिकलो आहोत. युरोपात तो नाही. स्पेनमधल्या संत्र्याच्या पट्ट्यात तो पोचला तर काय होईल, हे वरूड-मोर्शीच्या माणसाला वेगळं समजावून द्यायला नको.

निर्यात म्हटलं की बंदर, कंटेनर, बिल हेच डोळ्यापुढे येतं. कायद्याच्या लेखी मात्र खिशातल्या नळीतून नेलेला नमुनाही निर्यात आहे. त्यात विक्री नसली, पैसा नसला तरी. ईमेलने पाठवलेली कार्यपद्धती, परदेशातून कुणाला उघडता येईल अशी सामायिक फाईल, तिथल्या प्रयोगशाळेत उभं राहून दाखवलेलं कौशल्य, हेही तंत्रज्ञानाच्या हस्तांतरात येऊ शकतं. सार्वजनिक झालेली माहिती आणि मूलभूत वैज्ञानिक संशोधन यांना सूट आहे, आणि आपल्यासारख्यांसाठी ती सूट फार मोलाची आहे. पण ती सूट माहितीला आहे, जिवंत जिवाणूला नाही.

आमच्याकडे निर्यात नियंत्रण बघणारा अधिकारी नाही. मोठ्या तंत्रज्ञान संस्थांत असा कक्ष असतो म्हणतात. ग्रामीण केंद्रावर मुख्यालयाला पत्र लिहायचं आणि वाट बघायची. मी निवृत्त झालेल्या एका सरांना विचारलं, ते पूर्वी जैवसुरक्षा समितीवर होते. सरांनी सल्ला दिला की प्रश्न संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे लेखी ठेव, कारण जनुकीय आणि जिवाणूंच्या कामासाठी ती समिती आधीच अस्तित्वात आहे, तिच्या बैठका होतात, तिचं इतिवृत्त राहतं. हा सल्ला मी प्रत्येकाला देईन. स्वतः यादी वाचून मनाशी ठरवलेलं उत्तर पुढे कामाला येत नाही. समितीच्या इतिवृत्तातली एक ओळ येते. बैठकीत सरांनीच शिकवलेले प्रश्न मी प्रत्येक वस्तूपुढे लिहून नेले होते: जिवंत आहे का, कुणाच्या हाती जाणार, तिथेच राहणार की परत येणार.

समितीत सर्वांत जास्त वेळ पानांवर गेला. युरोपीय संघाच्या दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना चालणाऱ्या वस्तूंच्या, यादीत शब्द असे आहेत की वेगळी केलेली जिवंत वाढ, किंवा अशा वाढीने मुद्दाम लागण केलेलं साहित्य. म्हणजे आमच्या जाळीघरात मुद्दाम लागण केलेल्या रोपाचं पान या व्याख्येत बसतं. बागेत आपोआप रोग लागलेलं पान बसत नाही. दिसायला दोन्ही पानं सारखी. पण म्हणून बागेतलं पान न्यायला मोकळीक आहे असं नाही, कारण तिथे वनस्पती विलगीकरणाचे नियम उभे राहतात, आणि खैऱ्या युरोपात विलगीकरणाचा रोग आहे. संशोधनासाठी आणायचा तरी त्यांच्या यंत्रणेचं अधिकारपत्र आधी लागतं, नमुना त्या पत्रासोबतच प्रवास करतो आणि बंदिस्त प्रयोगशाळेतच उघडतो.

याच दिवसांत आमच्या प्रयोगातले एक कास्तकार केंद्रावर आले. त्यांच्या वावरातल्या लिंबाच्या बागेत आमची चाचणी चालू आहे. मी स्पेनला जाणार हे त्यांना कळलं होतं. म्हणाले, "मॅडम, माह्या बागेतले दोन-चार डागी लिंबं घेऊन जा ना. त्याइले दाखवा, काई औषध हाये का तं इचारा. आन येताना तिकडली एखादी काडी आना, आपून कलम करू." मी त्यांना बसवलं आणि सांगितलं की भाऊ, त्यांच्या देशात हा रोग नाही, एका लिंबातून जाऊ शकतो, आणि तिकडच्या काडीतून त्यांचा एखादा विषाणू आपल्या बागेत येऊ शकतो. परदेशातून कलमाची काडी आणायला २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे, संशोधनासाठी असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फतच ती येते, तपासली जाते. ते थोडं थांबून म्हणाले, "म्हंजे आपलं दुखनं तिकडल्या कास्तकाराले लागन?" मी हो म्हटलं. "मंग नोका नेऊ." समितीला जे ठरवायला अख्खी दुपार लागली, ते त्यांनी एका वाक्यात ठरवलं.

जिवाणूंच्या बाबतीत आणखी एक कायदा आहे आणि तो स्कोमेटपेक्षा जास्त जणांना लागू पडतो. जैविक विविधता कायदा, २००२. आपल्या मातीतला, आपल्या बागेतला जिवाणू ही जैविक संपदा आहे. ती परदेशी संस्थेच्या हाती द्यायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा संबंध येतो. २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे, म्हणून जुन्या सहकाऱ्यांनी पूर्वी वापरलेला अर्जाचा नमुना जसाच्या तसा उचलू नये. यादीत नसलेल्या जिवाणूसाठी, अगदी ट्रायकोडर्मासारख्या उपयोगी बुरशीसाठीही हा प्रश्न विचारावाच लागतो. गावोगावच्या बागांतून आपण नमुने गोळा करतो तेव्हा शेतकरी विश्वासाने देतो. त्या विश्वासाचा कायद्यातला आकार म्हणजे हा कायदा, असं मला वाटतं.

समितीचा निर्णय झाला: जिवंत नमुने न्यायचे नाहीत. मी व्हॅलेन्सियाला तसं कळवलं. तिथल्या समन्वयक बाईंचं उत्तर लगेच आलं की त्यांच्या बंदिस्त प्रयोगशाळेत संदर्भासाठी ठेवलेले जिवाणू आहेत, तुम्ही फक्त प्रतिमा आणा. मूळ पत्रातली ती ओळ त्यांच्याकडेही कुणीतरी सहज लिहिली होती.

कॅमेऱ्याचं प्रकरण मला सर्वांत सोपं वाटलं होतं आणि तेच सर्वांत लांबलं. हातात धरायचा थर्मल कॅमेरा, पानांचं तापमान मोजायला घेतलेला. थर्मल कॅमेरे रात्रीच्या लष्करी कामातही वापरले जातात, म्हणून शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या वस्तूंच्या निर्यातीवर नजर ठेवणाऱ्या वासेनार या देशांच्या करारातल्या यादीत त्यांच्यावर नियंत्रण आहे. भारत डिसेंबर २०१७ मध्ये त्या करारात आला आणि स्कोमेटचा आठवा वर्ग त्यावरूनच आला. त्या यादीत एक महत्त्वाची टीप आहे. सेकंदाला ९ किंवा त्याहून कमी चित्रं देणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांना सूट. चित्र तुटक दिसतं, हलत्या लक्ष्याचा माग घ्यायला ते उपयोगाचं नाही. झाडाचं पान मात्र जागेवरच असतं, आम्हाला ९ पुरतात. ३० चित्रांचा कॅमेरा असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

पण आमच्या कॅमेऱ्याच्या बिलावर हा आकडा नव्हता. होती ती एक बारीक अक्षरातली ओळ, की ही वस्तू अमेरिकी मूळची असून अमेरिकी कायद्याविरुद्ध अन्यत्र वळवू नये. ही ओळ आम्ही सगळे वर्षानुवर्षं बिलांवर पाहतो. तिचा अर्थ असा की अमेरिकेत तयार झालेली वस्तू भारतातून तिसऱ्या देशात नेली तर तिकडच्या नियमांत ती पुनर्निर्यात ठरते. म्हणजे अकोल्याहून स्पेनला जाणाऱ्या कॅमेऱ्याला दिल्लीचा आणि वॉशिंग्टनचा असे दोन्ही नियम लागतात. मी पुरवठादाराला वर्गीकरण क्रमांक विचारला. आधी माहितीपत्रक आलं, त्याचा उपयोग नव्हता. पुन्हा लिहिलं, फोन केला, खरेदी शाखेकडून पत्र पाठवलं. शेवटी कंपनीच्या लेटरहेडवर उत्तर आलं: ९ हर्ट्झ, अमेरिकी यादीत ६ए९९३, स्पेनसाठी परवाना लागत नाही. ते पत्र मी कॅमेऱ्याच्या पेटीत कायमचं ठेवलं आहे. नवीन उपकरण घेताना हा क्रमांक खरेदीच्या वेळीच मागून साठा नोंदवहीत लिहावा, म्हणजे पुढच्या माणसाला धावपळ नको. ड्रोन मात्र मी नेलाच नाही. २०२३ पासून २५ किलोमीटरपर्यंतच्या पल्ल्याच्या आणि २५ किलोपर्यंत भार वाहणाऱ्या नागरी ड्रोनच्या निर्यातीसाठी सामान्य परवानगीची सोय आहे, पण तीही काढावी लागते, आणि प्रशिक्षणाला त्याची गरज नव्हती.

लॅपटॉपवर लोकांचं लक्ष जात नाही आणि मला तोच सर्वांत नाजूक वाटला. आमच्या विभागाच्या लॅपटॉपवर सहकाऱ्यांची अप्रकाशित आकडेवारी होती, एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा अर्धा प्रबंध होता आणि शेतकऱ्यांचे सातबारे, फोन नंबर, बँक खात्यांच्या झेरॉक्स होत्या. यातलं स्कोमेटमध्ये काही नसेल. पण शेतकऱ्याने चाचणीच्या अनुदानासाठी दिलेली कागदपत्रं माझ्यासोबत विमानाने फिरण्याचं काहीच कारण नाही. केंद्रावर जादा लॅपटॉप नव्हता, म्हणून संगणक कक्षातला एक जुना पुसून घेतला, त्यावर फक्त सादरीकरण, प्रतिमा आणि प्रकाशित शोधनिबंध ठेवले, डिस्क कूटबद्ध केली. सादरीकरणातली प्रत्येक पट्टी तपासली. लागण करण्याची जी पद्धत मी दाखवणार होते ती कृषिकोशावर, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रबंधात आधीच होती, म्हणून राहिली. एका चालू प्रयोगाचे आलेख काढून टाकले.

विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला पोचले. विमानतळावर सामान आत देण्याआधी सीमाशुल्काच्या खिडकीवर कॅमेरा दाखवून त्याचा अनुक्रमांक नोंदवलेलं निर्यात प्रमाणपत्र घेतलं. हे घेतलं नाही तर परत येताना कॅमेरा तिकडून विकत आणला नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. अधिकाऱ्यांनी पेटी उघडून क्रमांक ताडला, विद्यापीठाचं पत्र पाहिलं, आणि काम झालं. बॅटऱ्या हातातल्या सामानात. उपकरणं जास्त आणि महागडी असतील तर फिक्की या उद्योग संघटनेकडून मिळणारं एटीए कार्ने, म्हणजे वस्तू तात्पुरत्या नेऊन परत आणण्याचं सीमाशुल्काचं कागदपत्र, हा मार्ग आहे, पण त्याला हमी ठेवावी लागते आणि वेळही हाताशी हवा.

तिथलं प्रशिक्षण चांगलं झालं, त्याबद्दल वेगळं लिहीन. इथे सांगण्याजोगी गोष्ट एकच. दुसऱ्या देशातून आलेल्या एका प्रशिक्षणार्थ्याने मला जेवणाच्या सुट्टीत विचारलं की तुमच्याकडचा खैऱ्याच्या जिवाणूचा सर्वांत तीव्र वाण मला पाठवाल का, साध्या पाकिटातून आला तरी चालेल. तो विद्यार्थी होता, त्याच्या मनात काही वाईट असेल असं मला अजिबात वाटत नाही. मी त्याला आमच्या संचालनालयाचा पत्ता दिला आणि त्याच्या संस्थेकडून रीतसर विनंती पाठवायला सांगितली. आधीची सगळी कागदपत्रं केली नसती तर माझ्याकडे त्याला द्यायला इतकं स्पष्ट उत्तर नसतं. परतल्यावर भेटीच्या अहवालात मी त्या विनंतीचीही नोंद केली.

आता व्हॅलेन्सियाच्या संस्थेला आमच्या जिवाणूचे दोन वाण तुलनेसाठी खरोखरच हवे आहेत, आणि आम्हालाही ती तुलना हवी आहे, कारण आपल्याकडच्या खैऱ्यावर तांब्याचा परिणाम कमी होतो आहे का, हे त्यातून कळेल. या वेळी सगळं रीतसर चाललं आहे. साहित्य हस्तांतर कराराचा मसुदा दोन्हीकडे वाचून झाला, जैवविविधता प्राधिकरणाकडचा अर्ज मुख्यालयाने पुढे पाठवला. स्कोमेटचा अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो आणि तो आंतरमंत्रालयीन गटापुढे जातो. त्याला स्पेनच्या संस्थेचं अंतिम वापराचं प्रमाणपत्र, सही-शिक्क्यानिशी, लागतं. ते अजून यायचं आहे. वरिष्ठ लिपिक भाऊंनी मधल्या काळात परदेश दौऱ्याच्या अर्जाच्या नमुन्यात सोबत नेण्याच्या वस्तूंचा रकाना घालण्याचा प्रस्ताव मांडला आहे, आणि तो कुलसचिवांच्या टेबलावर आहे.